कानवाल्यांनी पसंत केलेला शाफ्ट

आमच्या थोरल्या भाऊजींना रस्त्यावर सगळे 'कानवाले' म्हणतात. रस्ता सगळा गॅरेजांचाच आहे. कुणी टायर बघतो, कुणी रेडिएटर, कुणी नुसता रंग मारतो. आमच्याकडे इंजिनं उघडतात. खाली कारखाना, वर घर. जिन्याच्या कठड्याला तेलकट हातांचे ठसे असतात. मी सकाळी पुसते, संध्याकाळी ते परत हजर. देवापुढे बसायला जाताना मी कठड्याला न धरता चढते, एवढंच माझ्या हातात आहे.

भाऊजींचं खास काम क्रँकशाफ्टचं. इंजिनाच्या पोटात पिस्टन वरखाली धावतात. ती धाव ज्या वाकड्यातिकड्या जाड दांड्यामुळे गोल फिरण्यात बदलते, तो क्रँकशाफ्ट. इंजिनाचा कणाच म्हणा. झिजला तर घासून परत वापरता येतो, पण तडकला तर नवा घालावा लागतो. आणि नवा म्हणून जो येतो तो खरोखर नवा असतो का, हीच सगळी मेख आहे. कुणीतरी भंगारातला जुना उचलतो, घासतो, चकचकीत करतो आणि कोऱ्या खोक्यात घालून विकतो. वरून दोन्ही सारखेच. आतली चीर डोळ्याला दिसत नाही. आणि इंजिन भरात असताना शाफ्ट तुटला तर तो गपगुमान तुटत नाही, इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो.

भाऊजी शाफ्ट साखळीला टांगायचे. मग सगळी यंत्रं बंद, माणसं जिथल्या तिथे गप्प. छोट्या हातोडीनं एकच टोला. चांगला शाफ्ट घंटेसारखा लांबवर वाजत राहतो, तडकलेला 'ठप्' करून बसतो. या दोहोंच्या मधले जे असतात ते फक्त भाऊजींना कळायचे. त्यांनी मान डोलावली की माल आत. नाही डोलावली की विकणारा आपलं खोकं उचलून चालू लागायचा, हुज्जत घालायची सोय नव्हती. दुसऱ्या कुणी ती हातोडी उचलायची नाही. आमचे हे त्यांचे सख्खे भाऊ, सगळं आयुष्य त्याच कारखान्यात गेलं, पण शाफ्ट वाजवायला यांनाही कधी मिळाला नाही. पुढे पुढे तर आजूबाजूचे गॅरेजवालेही स्वतः तपासेनासे झाले. "कानवाल्यांनी घेतलाय का त्याच्याकडून? मग आम्हालाही त्याचाच द्या." झालं, तपासणी संपली.

असा कान. मी लग्न होऊन आले तेव्हा वर मिक्सर लावला की खालून आवाज यायचा, "धाकटे, बंद कर तो, त्याचं बुश गेलंय." आणि गेलेलं असायचं. मला घरात सगळे धाकटीच म्हणतात. गेल्या वर्षी तोच मिक्सर घर डोक्यावर घेत होता आणि भाऊजी शेजारी बसून शांतपणे पेपर वाचत होते. मला वाटलं, मन कुठेतरी दुसरीकडे असेल.

त्याच सुमारास आमचा जुना पुरवठादार वारला. भाऊजींच्या तरुणपणापासून शाफ्ट त्याच्याकडूनच यायचे. मुलांनी भट्टी विकून टाकली. दोन दिवसांनी भाऊजी म्हणाले, "आता नवीन माणूस शोधायचा म्हणजे म्हातारपणी लग्न करण्यासारखं आहे."

जाऊबाई लगेच म्हणाल्या, "करा. पण ती स्वयंपाक करणारी आणा, मी दमले."

दोघं पुढे आले. एक बाई होती, वडिलांच्या पश्चात कारखाना सांभाळणारी. जाड चष्मा, म्हणून आम्ही चष्मेवाली म्हणायचो. बोलणं तोडून टाकल्यासारखं. प्रत्येक शाफ्टवर आकडा कोरलेला, कोणत्या दिवशीच्या कोणत्या ओतातलं पोलाद ते त्यावरून कळतं म्हणाली. सोबत यंत्रावर तपासल्याचा कागद. "विश्वास नसेल तर एक फुकट देते, करवतीनं कापा आणि आत बघा. मात्र माझ्याकडे वेळ लागेल, घाई असेल तर मला विचारू नका." भाऊजींनी हातोडी उचलली तर म्हणाली, "वाजवा की, पण वाजवून सगळं कळत नाही. रॉकेलनं पुसायचं, कोरडं करायचं, खडूची पूड लावून ठेवायचं. चीर असली तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येऊन खडूवर काळी रेघ उमटते. हे तर घरीही करता येतं."

भाऊजींनी हातोडी खाली ठेवली. ती गेल्यावर म्हणाले, "मला शिकवायला आली होती."

दुसरा गोड्या. याचं खरं नाव काय होतं ते आज कुणालाच सांगता येत नाही, आणि तेव्हा कुणाला ते विचारावंसंही वाटलं नाही. बोलणं साखरेत घोळलेलं. जाऊबाईंना आक्का म्हणायचा, मला वहिनी. त्याच्याकडे हवा तो शाफ्ट हजर, आज सांगा उद्या घ्या.

तो पहिल्यांदा आला त्या दुपारी वीज गेली होती. कारखाना चिडीचूप. मी चहा घेऊन जिन्यानं उतरत होते. भाऊजी पाठमोरे, कपाटात काहीतरी शोधत होते. गोड्या त्यांच्या मागे उभा होता. त्यानं अगदी हळू, रोजचं काहीतरी बोलावं तसं म्हटलं, "दादा, तुमच्या शर्टावर पाल बसलीय."

पाल नव्हती. भाऊजी कपाट शोधत राहिले.

गोड्यानं पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्यानं. भाऊजी तसेच. मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. तो हसला. "गंमत केली, वहिनी," म्हणाला आणि ट्रेमधला कप उचलला. मग फिरून भाऊजींच्या समोर जाऊन उभा राहिला आणि खणखणीत आवाजात बोलू लागला. त्या दिवसापासून तो कधीही त्यांच्या पाठीमागून बोलला नाही.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे जेवता जेवता थांबले. "गोंगाट असेल."

"वीज गेली होती. माशी उडली असती तरी ऐकू आली असती."

"मग दादानं मुद्दाम दुर्लक्ष केलं असेल. तो फालतू माणसांना उत्तरं देत नाही." आणि मग, ताटाकडे बघत, "हे बाहेर बोलू नकोस. आपला कारखाना त्या कानावर चालतो."

जाऊबाईंना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "बारीक आवाज गेलेत त्यांचे. जाड आवाज येतात, समोरून बोललं तर येतात. आयुष्यभर यंत्रांत उभं राहून दुसरं काय होणार? मी आता हात लावूनच हाक मारते." घडी मोडून परत घातली. "त्यांना स्वतःला माहीत आहे की नाही, देव जाणे. मी विचारलेलं नाही. कान गेला म्हटलं तर माणूस उरेल का, धाकटे?"

तरी मी भाऊजींशी बोलले. समोर जाऊन, मोठ्यानं. म्हटलं, "भाऊजी, नवीन माणूस आहे, एकदा ते खडूचं करून बघू या का?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तू कणीक मळतेस तेव्हा पाणी किती घाल ते मी सांगायला येतो का?"

"नाही."

"मग झालं तर."

गोड्याचा पहिला माल आला तो नदीवरच्या लाँचसाठी. पलीकडच्या काठावर शाळा आणि दवाखाना आहे. पूल फार लांब, म्हणून सगळे लाँचनंच जातात. माझी लेक त्या शाळेत शिकवते. लाँचचं इंजिन बिघडून बंद पडलं होतं, शाफ्टच गेला होता, आणि लाँचवाला रोज आमच्या दारात. चष्मेवालीला वेळ लागणार होता. गोड्यानं जोडी आणून ठेवली, एक बसवायला आणि एक लाँचवाल्याला राखीव.

तेव्हा मी वर होते. यंत्रं बंद झाली आणि सगळं शांत झालं तेव्हा कळलं की आता टोला पडणार. मी देवाचं नाव घेतलं. टोल्याचा आवाज वरपर्यंत आला नाही. मग गोड्याचं हसणं आलं, आणि यंत्रं परत सुरू झाली. भाऊजींनी मान डोलावली होती.

गोड्या त्यानंतर आमच्या रस्त्यावर ऐटीत फिरू लागला. प्रत्येक गॅरेजात एकच वाक्य, "कानवाल्यांची पसंती आहे." कुणी हातोडी उचलली नाही.

लाँच चालू झाली. लोक खूश, आम्हीही. पण मी लेक परत येईपर्यंत खिडकीतून धक्क्याकडे बघत राहायचे. तिला वाटायचं मला वयाप्रमाणे काळजी लागते. एका सकाळी डबा भरताना ती सहज म्हणाली, "आई, याचं झाकण घट्ट बसव. लाँच हल्ली इतकी थरथरते की डबा वाजत राहतो."

"आधी थरथरायची?"

"आधी नाही. हे आताच. लाँचवाला म्हणतो, नवीन शाफ्ट आहे, रुळेल."

ती निघून गेली. माझं कशातच लक्ष लागेना. देवापुढे बसले तर जपात मधेच तो डबा वाजायचा. दुपारी भाऊजी वर जेवायला आले तशी मी खाली गेले आणि यांना म्हटलं, "तो राखीव शाफ्ट काढा. रॉकेल आणा. मी खडू कुटून आणलाय."

हे काहीतरी बोलणार होते. मग माझ्याकडे बघून रॉकेल आणायला उठले.

आम्ही दोघांनी मिळून शाफ्ट पुसला. चिंधीनं कोरडा केला. मी पूड लावली, बाळाला पावडर लावतात तशी, सगळ्या खाचाकोपऱ्यांत. मग उभे राहिलो. हे मला म्हणाले, "काही नाहीये. उगाच." मीही तसंच मनात म्हणत होते. आणि मग एका वळणाच्या कोपऱ्यात मला केस दिसला. माझाच पडला असेल म्हणून उचलायला गेले. तो उचलला जाईना. बघता बघता तो लांब झाला.

हे खाली स्टुलावर बसले. "याच्याच जोडीतला आहे लाँचमध्ये."

"हो."

"मला तेव्हाच ऐकू आलं होतं," हे म्हणाले. "टोला पडला तेव्हा. आवाज लगेच मेला. मी दादाच्या तोंडाकडे बघितलं, त्याची मान हलली. म्हटलं, आपलंच चुकलं असेल. तो कान आणि मी कोण."

तेवढ्यात भाऊजी जिन्यावर आले, मागे जाऊबाई. पांढरा शाफ्ट त्यांनी लांबूनच बघितला. "हा काय पोरखेळ?"

भाऊजींनी शाफ्ट साखळीला अडकवला, वर ओढला, हातोडी घेतली. टोला मारला. मला सुद्धा कळलं. रिकामा पत्र्याचा डबा पडावा, तेवढाच आवाज. भाऊजींनी शाफ्टकडे बघितलंच नाही. त्यांनी आमच्याकडे बघितलं. आधी यांच्याकडे, मग माझ्याकडे, मग जाऊबाईंकडे. एकेकाच्या चेहऱ्यावर थांबत.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. किती दिवसांपासून कोण जाणे, ते हेच करत होते. टोला मारायचे आणि भोवतालच्यांचे चेहरे वाचायचे. आणि भोवतालचे सगळे त्यांचा चेहरा बघत थांबलेले. मला वाटलं, गोड्याचा माल आला त्या दिवशी कारखान्यात एकाच माणसाचा चेहरा काहीतरी सांगत होता, तो गोड्याचा. तो पसंतीचं हसत होता.

भाऊजींनी हातोडी खाली ठेवली. "लाँच कुठे आहे?"

जाऊबाई म्हणाल्या, "शाळा सुटलीय. येतच असेल."

धक्का आमच्या रस्त्याच्या टोकालाच आहे. आम्ही पोचलो तेव्हा लाँच पाण्यात मध्यावर होती, छतापर्यंत भरलेली. हे लाँचवाल्याला फोन लावत होते, तो इंजिनाच्या आवाजात उचलत नव्हता. मी लेकीला लावला. तिनं उचलला. मी म्हटलं, "इंजिनापाशी जा. काही विचारू नकोस. फोन तिथे धर." ती गेली. माझी लेक शहाणी आहे.

फोनमधून धडधड आली. मी फोन भाऊजींकडे दिला, सवयीनं. त्यांनी तो कानाला लावला. क्षणभर. मग यांच्या हातात दिला. "तू ऐक. मी विचारतो तेवढं सांग."

"दादा, मला नाही जमणार."

"जमतंय तुला. तेव्हाही जमलं होतं." म्हणजे त्यांनी यांचा तेव्हाचा चेहराही वाचला होता, आणि गोड्याच्या हसण्यावर भरवसा ठेवला होता. "ठोका येतोय का?"

"येतोय."

"एकसारखा, की मधेच चुकतोय?"

यांनी डोळे मिटले. मी यांचा हात धरला होता. एकसारखा असला तर लाँच हळूहळू काठाला आणायची. चुकत असला तर शाफ्ट तुटायच्या बेतात आहे, मग ताबडतोब बंद. पण बंद केलं तर पाण्याची ओढ लाँचला खालच्या अंगाच्या खडकांकडे नेणार. हे यांनी मला नंतर सांगितलं, तेव्हा मला फक्त एवढंच कळत होतं की कुणीतरी चुकलं तर माझी लेक तिथे आहे.

"चुकतोय," हे म्हणाले. "मधेच एक ठोका गायब होतो आणि मग दोन जोरात येतात."

"बंद करायला सांग. आधी नांगर टाका, तो धरला की लगेच बंद. सगळ्यांना इंजिनापासून लांब, पुढच्या टोकाला बसवा."

यांनी ते लेकीला शब्दन् शब्द सांगितलं. तिनं लाँचवाल्याला. लाँच पाण्यात अडखळल्यासारखी झाली, वळली, आडवी झाली. धडधड थांबली. मग नुसतं पाणी. लाँच थोडी वाहवत गेली आणि दोर ताणून उभी राहिली. धक्क्यावरचे मासेमार आपापल्या होड्या घेऊन गेले. लेक दुसऱ्या होडीतून आली. तिच्या हातात डबा होता. मी तिला मारलं आधी, खांद्यावर, आणि मग जवळ घेतलं.

भाऊजी तोवर धक्क्यावरच्या एका खांबाला टेकून उभे होते. जाऊबाई त्यांच्या दंडाला हात लावून काही म्हणाल्या. त्यांनी मान हलवली आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला ऐकू येत नाही."

इंजिन उघडलं तेव्हा शाफ्ट अर्ध्याहून जास्त चिरला होता. लाँचवाला शिव्या देत होता. भाऊजींनी त्या खाली मान घालून घेतल्या. त्यांना किती ऐकू आल्या माहीत नाही.

मग त्यांनी एक काम केलं. गोड्याचा फोन लागत नव्हता, त्यानं दिलेल्या पत्त्यावर तसलं काही नव्हतंच. तेव्हा भाऊजी आणि हे रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गॅरेजोगॅरेज फिरले. प्रत्येक दारात भाऊजी तेच म्हणायचे, "माझा कान गेलाय. माझ्या पसंतीवर घेतलेला शाफ्ट काढून ठेवा." आयुष्यभर ज्यांनी त्यांना उठून खुर्ची दिली, ते नुसते बघत राहायचे. रंगवाला म्हणाला, "कानवाले, थट्टा करताय होय." भाऊजींनी त्याला आपल्या पाठीमागे उभं केलं आणि म्हणाले, "आता मला काहीही म्हण." रंगवाल्यानं काय म्हटलं ते हे सांगत नाहीत, पण पुढच्या गॅरेजात कुणी हसलं नाही.

बरेच शाफ्ट निघाले. काही खोक्यातच होते, काही बसवलेल्या इंजिनांतून काढले. खडू लावला की कुठे ना कुठे काळा केस उमटायचा. चष्मेवालीला निरोप गेला. तिनं पहिल्या खेपेला एक शाफ्ट मधोमध कापून पाठवला, सोबत चिठ्ठी ना काही. हे आता खडू लावतात, यंत्राचा कागद बघतात, आणि शेवटी हातोडीही मारतात. भाऊजी बाजूला बसून लोखंडाला बोटं टेकवून कंप सांगतात. पण मान डोलवत नाहीत. "तू ठरव," म्हणतात.

रस्त्याच्या शेवटच्या गॅरेजात मात्र एक शाफ्ट सापडला नाही. तिथल्या माणसाला एवढंच आठवतं की एक प्रवासी गाडी वाटेत बिघडली होती, भरलेली होती, लोक रस्त्यावर उतरून उभे होते, घाई होती. त्यानं गोड्याचा शाफ्ट बसवून दिला आणि गाडी निघून गेली. लांबची होती. रंग त्याला हिरवा वाटतो, कधी निळा वाटतो. भाऊजी आणि हे, दोघेही नाक्यावर, टपरीवर, ओळखीच्या चालकांना विचारत राहतात. भाऊजी रोज दुपारी गॅरेजांच्या रस्त्याच्या तोंडाशी स्टूल टाकून बसतात आणि येणारीजाणारी प्रत्येक मोठी गाडी बघतात. परवा एका हिरव्या गाडीपुढे हात पसरून उभे राहिले. ती नव्हती. चालकानं त्यांना वेडं ठरवलं.

जाऊबाई म्हणतात, कदाचित तो शाफ्ट चांगला असेल. असेलही. मी देवाजवळ रोज घरातल्या एकेकाचं नाव घेते, ते आता नंतर येतं. आधी त्या गाडीत बसलेल्यांसाठी मागते. त्यांची नावं मला माहीत नाहीत, म्हणून नुसतं म्हणते, जे कोणी असतील ते, आणि जिथे कुठे असतील तिथे, त्यांना आज थरथर जाणवू दे आणि खाली उतरायची बुद्धी दे.